तासातली वीस मिनिटं

गल्लीत त्यांना फौजदार म्हणत, पण आयुष्यभर त्यांनी दुरुस्त केले फ्रिज. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला," असं गिऱ्हाईक म्हणालं की फौजदारांचा पहिला संशय गिऱ्हाइकावरच.

काम सोडल्यावर संशय घ्यायला घरचाच फ्रिज उरला. शेजारच्या खोलीत पडल्या पडल्या त्यांचे कान कॉम्प्रेसरवर. तासातली वीस मिनिटं तो चालायचा, चाळीस मिनिटं गप्प. काम किती आणि विसावा किती, याला ते ड्यूटी सायकल म्हणत आणि ती बिघडली की घरात काहीतरी बिघडलंय असं समजत. एका आठवड्यात विसाची पस्तीस मिनिटं झाली, तशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

गॅस ठीक होता. मागची जाळी साफ होती. दारात कागद अडकवून ओढला, तर रबरही घट्ट. म्हणजे कुणीतरी दार उघडं ठेवत होतं. दुसरं कोण? सूनच. फोन कानाला लावून फ्रिजसमोर गप्पा हाणत असणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दोनदा टोमणाही मारला. तिने काणाडोळा केला, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला.

मग सून कामावर गेलेली असताना, एका दुपारी कॉम्प्रेसर तासात चाळीस मिनिटं चालला. फौजदार चक्रावले. घड्याळ घेऊन दाराआड बसले.

बायको आली. फ्रिज उघडला आणि नुसती उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. हात पुढे केला, मागे घेतला. काहीच न घेता, दार तसंच टाकून निघून गेली. थोड्या वेळाने परत आली, पुन्हा तशीच उभी राहिली. कशाला आलो हेच तिला आठवत नाहीये, हे फौजदारांच्या ध्यानात आलं. आपण सुनेला काय काय बोललो, याची त्यांना लाजही वाटली.

ते पुढे झाले. ती दचकली.

"अहो, बिघडलाय का हा? माझ्या हातून काही झालं का?"

"छे गं. रबर गेलंय दाराचं."

आणि स्क्रूड्रायव्हर आणून ते चांगलं रबर उपसायला बसले. ती स्टूल ओढून शेजारी बसली. पहिला स्क्रू त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवला.

"हा कुठे ठेवू?"

"कुठे ठेवू नकोस. हातातच राहू दे. मी आहे इथे."