हॅलोभाऊंची खरखर

हॅलोभाऊंना कुणी सहज जरी विचारलं, "कसं काय, बरं आहे ना?" तरी ते आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. याने आजच का विचारलं? काल का नाही? याला आपली शिडी तर नको आहे? समोरच्याने खरंच शिडी मागितली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. नाही मागितली, तर दिवसभर चैन नसायचं. दूधवाला जास्त हसला तर दुधात पाणी आणि कमी हसला तर भाव वाढणार, हे ठरलेलं. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचे, वळणापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे, आणि मग आपल्याला ओढताना कुणी पाहिलं की काय याची काळजी करत कामाला जायचे.

धंदा माईकचा. लग्न, शाळेचं संमेलन, शोकसभा, दुकानाचं उद्घाटन, काहीही असो, आधी यांचा टेम्पो यायचा, आणि मग दोन्ही कर्ण्यांतून 'हॅलो, हॅलो' गावभर ऐकू यायचं. त्यावरून नाव पडलं. बायकोला सगळे हॅलोवहिनी म्हणत, आणि तिनेही ते कधीच मनावर घेतलं नाही. मशीन ठेवायची जागा नेहमी स्टेजच्या बाजूला, जरा मागे. तिथून माणसं पाठीकडून दिसतात. समोर छाती काढून बोलणारा मागे हात बांधून बोटं मोडत असतो. शोकसभेत गहिवरलेला पायरी उतरता उतरता घड्याळ बघतो. हे सगळं बघत ज्याची पन्नाशी उलटली, त्याने कुणावर विश्वास ठेवावा तरी कसा?

त्यांचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे आमदार. दर तीन महिन्यांनी आमदार गावोगाव फिरून लोकांना आपल्या भागाची खबरबात द्यायचे. कुठला रस्ता मंजूर झाला, पाण्याच्या टाकीचं घोडं कुठे पेंड खातंय, दवाखान्याला डॉक्टर कधी मिळणार. मग त्याच दमात घरगुती बातम्या. कुणाची मुलगी धावण्यात पहिली आली, कुठल्या मास्तरांनी निवृत्ती घेतली, कोण देवाघरी गेलं. लोकांना हा दुसरा भाग फार आवडायचा. आपल्या गेलेल्या काकांचं नाव आमदारांच्या तोंडून ऐकलं की अर्ध्या रस्त्याचा राग तिथेच विरघळायचा. शेवटी प्रश्न. आमदारांच्या सहायकाचा माणूस माईक घेऊन बाकांमधून फिरायचा आणि ज्याला बोलायचं असेल त्याच्या हातात द्यायचा.

आणि इथेच हॅलोभाऊंचं खरं काम सुरू व्हायचं. आमदारांचे सहायक हे गोल चेहऱ्याचे, साखरेत घोळून बोलणारे गृहस्थ. एखादा प्रश्न नको असला की ते चष्मा काढून रुमालाने पुसायला लागायचे. ती खूण. लगेच आवाज बंद करायचा नाही, तसं केलं तर लहान मूलसुद्धा ओळखेल. आधी थोडी खरखर आणायची. मग आवाज खाली-वर करायचा, दोन शब्द खायचे, एक सोडायचा. मग पाडायचा. त्यानंतर आपण घाबरंघुबरं होऊन वायर हलवायची, बटणं दाबायची, कपाळावरचा घाम पुसायचा. सहायक म्हणायचे, "तांत्रिक अडचण दिसते, आपण पुढचा प्रश्न घेऊ." आणि पुढच्या प्रश्नाला माईक ठणठणीत.

सुरुवात तशी भल्यासाठीच झाली होती. एक झिंगलेला माणूस बायकामुलांसमोर शिव्या देत सुटला होता. सहायकांनी डोळ्याने विनवलं, यांनी आवाज पाडला, सभा हसली. पुढच्या वेळी पाण्याच्या पाइपाबद्दल विचारणारे एक म्हातारे होते, ते काही झिंगलेले नव्हते. त्या रात्री हॅलोभाऊंना जेवण गेलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी गेलं. गंमत अशी, की सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला जग आपल्यावर संशय घेत असेल हे कधी सुचलंच नाही. आपली खरखर अस्सल आहे याबद्दल त्यांची खात्री होती.

त्या वर्षी संध्याकाळची बस बंद झाली. प्रवासी नाहीत, असं डेपोने सांगितलं. प्रवासी होते, पण त्या बहुतेक मुली होत्या, शहरातल्या कॉलेजातून परतणाऱ्या. आता त्यांना हमरस्त्याच्या फाट्यावर उतरून अंधारातून चालत यावं लागे. त्या रस्त्यावर एकदा कुणीतरी मोटारसायकल घेऊन त्यांच्या मागे मागे आलं. दुसऱ्या दिवसापासून मुली घरी बसायला लागल्या. हॅलोभाऊंची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. टेम्पोने आणायला जावं, तर संध्याकाळचेच सगळे कार्यक्रम.

"वर्षभर घरी बस, मग बघू," ते तिला म्हणाले.

"वर्षभर घरी बसलेली मुलगी परत जात नाही," बायको म्हणाली. "तुम्ही आमदारांना विचारा ना. तुमचं येणंजाणं आहे."

"मी माईकवाला आहे गं. माझं काम ऐकवायचं, बोलायचं नाही."

बायको यावर भांडली नाही. तिने ताटं उचलली आणि मोरीकडे गेली. हॅलोभाऊंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. वीस वर्षांच्या संसारात ही बाई न भांडता मोरीकडे गेली नव्हती.

त्यानंतर घरात कुठेतरी पाणी मुरायला लागलं. दुपारी बायका यायच्या. शिंपीणबाई, पिठाच्या गिरणीवाली, मागच्या गल्लीतली बाळंतिणींना तेल लावणारी मावशी, आणि मुलींच्या आया. हॅलोभाऊ दारात आले की सगळ्या एकदम गप्प, मग एकीला एकदम उन्हाची आठवण व्हायची. "काय ऊन आहे बाई." एकदा ते मुद्दाम मागच्या दाराने आले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. आतून बायकोचा आवाज आला, "संध्याकाळची बस बंद झाली." मग तेच वाक्य शिंपीणबाई म्हणाल्या. मग तेच मावशी म्हणाल्या. मग तेच दोन-तीन जणी एकदम. आणि मग हसणं.

हॅलोभाऊंनी भिंतीवरून कान काढला. या आपली नक्कल करत आहेत. नाहीतर विरोधी पक्षात गेल्या आहेत. नाहीतर बायकोच्या भावाने काहीतरी शिकवलं आहे, तो लग्नापासूनच आपल्याला पाण्यात बघतो. रात्री त्यांनी मुलीला आडून आडून विचारलं, "आईला हल्ली बरं वाटतं ना?"

"तिला काय झालंय?"

"नाही, एकच वाक्य परत परत बोलते."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्हाला झोपेची गरज आहे," ती म्हणाली आणि पुस्तकात तोंड घालून बसली. ते पुस्तकही उलटं धरलं आहे की काय, हे हॅलोभाऊंनी वाकून पाहिलं. सुलटंच होतं.

सभेच्या दिवशी सकाळीच सहायक घरी आले. चहा घेतला, चहाची स्तुती केली, म्हणजे काम अवघड असणार.

"आज बसचा विषय निघेल असं कानावर आलंय," ते म्हणाले. "साहेबांचं डेपोशी बोलणं चालू आहे. चारचौघांत तारीख मागितली की उगाच अडचण होते. तुम्ही समजूतदार आहात. आणि हो, घरच्यांपैकी कुणी उठणार नाही ना? तुमच्याच घरातून विषय निघाला तर बरं दिसणार नाही."

सहायक गेल्यावर हॅलोभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "तू येणार आहेस का सभेला?"

"येणार."

"बोलणार आहेस?"

"बघू," बायको म्हणाली, आणि विळीवरून नजर काही उचलली नाही.

ते अख्खी दुपार वायरी गुंडाळत आणि उलगडत बसले. आवाज पाडला नाही तर आमदारांचं काम जाणार, आणि आमदारांच्या पाठोपाठ इतर कामंही जाणार. पाडला तर मुलगी घरी बसणार. हे दोन्ही त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि आणखी एक गोष्ट दिसत होती, ती त्यांना नकोशी झाली होती. ती त्या पाइपवाल्या म्हाताऱ्यांचं तोंड होतं. टेम्पोत मशीन चढवताना त्यांनी ठरवून टाकलं. आज हात लावायचा नाही. बायकोला सांगावं असं वाटलं, पण सांगितलं आणि ती शिंपीणबाईंना बोलली तर? शिंपीणबाई म्हणजे गावचा दुसरा कर्णा. ते न सांगताच निघाले.

सभागृह भरलं होतं. बायका विचित्र बसल्या होत्या. एरवी सगळ्या एका कोपऱ्यात खेटून बसायच्या, आज प्रत्येक ओळीत एक, दोन ओळी सोडून आणखी एक, अशा थेट दारापर्यंत. हॅलोभाऊंनी ते बघितलं आणि त्यांना काहीच कळलं नाही. आमदारांनी खबरबात सांगितली. पूल अर्धा झाला, दवाखान्यात रंगकाम झालं, डॉक्टर येता येता राहिले. वरच्या आळीतल्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, टाळ्या. पोहण्यात एका मुलाला ढाल मिळाली, टाळ्या. बसचं नावही नाही.

प्रश्न सुरू झाले. पहिल्याने खताचं विचारलं, दुसऱ्याने विजेचं. मग हॅलोवहिनी उभी राहिली.

सहायकांनी चष्मा काढला. रुमाल काढला. काच पुसत त्यांनी मशीनकडे पाहिलं. हॅलोभाऊंनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. बटण पूर्ण वर होतं. सहायकाचा माणूस तिच्याजवळ गेला आणि त्याने माईक पुढे केला. बोल, हॅलोभाऊ मनात म्हणाले. बोल गं, आज सगळं ऐकू जाईल.

तिने माईक हाताने बाजूला सारला. "नको. ह्याच्याशिवाय बोलते."

मग ती मोठ्याने म्हणाली, "संध्याकाळची बस बंद झाली." तिसऱ्या ओळीतल्या शिंपीणबाई उठून तेच म्हणाल्या. मग मधल्या ओळीतली गिरणीवाली. मग मागच्या ओळीतली मावशी. वाक्य दारापर्यंत गेलं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांनीही ऐकलं. "आमच्या मुली घरी बसल्या." तेही तसंच गेलं. "बस कोणत्या तारखेपासून सुरू होणार?" तेही गेलं.

सहायकाचा माणूस गोंधळून माईक पोटाशी धरून उभा होता. माईकला घासणारा त्याचा शर्ट कर्ण्यांतून मोठ्याने खरखरत होता. चालू माईकच असा खरखरतो. हॅलोभाऊंनी बायकोकडे पाहिलं. तिचं लक्ष आमदारांकडे होतं.

"आम्ही बघतो," आमदार म्हणाले.

"साहेब म्हणतात, बघतो," शिंपीणबाई म्हणाल्या. "साहेब म्हणतात, बघतो," असं करत ते दारापर्यंत गेलं, आणि प्रत्येक ओळीत ते आधीपेक्षा पोकळ वाटायला लागलं. लोक हसायला लागले. आमदारही हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच उशिरा हसतोय.

"लवकरात लवकर."

"साहेब म्हणतात, लवकरात लवकर." हशा.

"कोणत्या तारखेला, साहेब?" हॅलोवहिनी म्हणाली. तिचा आवाज बसला होता, तरी ती उभीच होती. आमदारांनी सहायकांकडे पाहिलं. सहायक अजून काच पुसत होते. मग आमदार म्हणाले, "पहिल्या तारखेपासून," आणि सगळ्या सभागृहाने ते एकदम म्हटलं.

पांगापांग झाल्यावर सहायक मशीनपाशी आले. साखर संपली होती. "नवरा-बायको मिळून चांगलं जमवलंत," ते म्हणाले. "माईकशिवाय बोलायचं, म्हणजे तुमच्यावर काही येत नाही. आधीच ठरलं होतं ना तुमचं?"

"शपथ, मला काहीच माहीत नव्हतं."

"असेल," सहायक म्हणाले. "पुढच्या वेळी आम्ही दुसरा माईकवाला बघू." आणि ते आमदारांच्या गाडीकडे निघून गेले.

हॅलोभाऊ वायर कोपरावर गुंडाळत बसले. रिकाम्या बाकांमधून बायको आली आणि न सांगता दुसऱ्या टोकाची वायर सोडवायला लागली.

"मी बंद करणार नव्हतो," ते म्हणाले.

तिने वायरीची आणखी एक गाठ सोडवली.

"खरंच सांगतोय. बटण पूर्ण वर होतं. कर्ण्यातून खरखर नाही का ऐकू आली?"

"आली ना," ती म्हणाली. "ती आली की पुढे काय होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे." त्यात राग नव्हता. "किती वर्षं झाली, अहो. लोक मला तोंडावर बोलत नाहीत एवढंच."

"आज नव्हतो करणार पण."

"नसाल. पण मला कसं कळणार ते? आणि मुलगी माझीही आहे."

तिने वायरीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि मुलीला शोधायला बाहेर गेली. हॅलोभाऊ आठवत राहिले, तिला पटेल असं आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे. बराच वेळ आठवून त्यांना एवढंच कळलं, की तिच्या जागी ते असते, तर त्यांनीही विश्वास ठेवला नसता.