धुराडेवहिनी

धुराडेवहिनी कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या, की यजमानाच्या तोंडाकडे बघायच्या आधी छपराकडे बघायच्या. आपण दारात हात जोडून ताटकळत उभे, आणि या रस्त्यावर मान वर करून. "धुराडं वाकलंय तुमचं," हे पहिलं वाक्य. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या मराठी मंडळींत त्यांचं खरं आडनाव कुणी घेतच नसे. नवऱ्यालाही लोक बिनदिक्कत 'मिस्टर धुराडे' म्हणत आणि तो बिचारा ओ देई.

वहिनी सांगलीच्या एका कंत्राटदाराच्या कन्या. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या, थोडे दिवस पोळ्या लाटत बसल्या, मग जुन्या घरांची ढासळती धुराडी उतरवून नव्याने बांधायचा धंदा थाटला. स्वभाव मुळात चढेल, त्यात काम उंचावरचं. "धूर आणि सासू, दोघांना वाट मोकळी ठेवावी," असं त्या सासूबाईंसमोरच म्हणायच्या.

माझ्या घराचं काम त्यांनी घेतलं तेव्हा रोज बोलणी खाल्ली. उतरवलेली प्रत्येक वीट त्या थापीने वाजवून बघत. खणखणीत ती ठेवायची, बद्द वाजली ती फेकायची. मी सिमेंटचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "जुन्या विटेला सिमेंट म्हणजे म्हाताऱ्याच्या गळ्यात टाय. चुनाच पाहिजे." लवकर आटपेल का विचारलं, तर, "भाऊजी, हे तुमचं सॉफ्टवेअर नाही. पडलं तर रीस्टार्ट होत नाही." मला राग यायचा, पण त्या परांचीवर चढल्या की खाली उभं राहून बघत बसावंसं वाटायचं.

धुराडं छपरापर्यंत उतरवून झालं आणि वादळाचा इशारा आला. वहिनींनी उघडं तोंड फळ्या आणि ताडपत्रीने गच्च झाकलं. रविवारी आमची वास्तुशांत. होम बागेत करायचा ठरलेला, वहिनींना आमंत्रण होतंच.

रविवारी बागेत छत्री धरवेना. अ‍ॅमस्टरडॅमहून आलेले गुरुजी, एरवी ऑफिसात टेस्टिंग करणारे, दिवाणखान्यातली फायरप्लेस बघून खूश झाले. "अहो, हे तर तयार कुंडच आहे!" सगळ्यांना पटलं. समिधा पेटल्या, तूप पडलं, खोली धुराने भरली. आमच्यातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. होम म्हटलं की डोळे चुरचुरायचेच! पुण्याहून आलेली माझी आई तेवढी माझ्या लहानग्या मुलीला निजवायला माळ्यावरच्या खोलीत गेली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. साडीवर रेनकोट, केस भिजलेले, वहिनी ओरडल्या, "विझवा ते! कौलांतून धूर येतोय. वर कोण आहे?"

"आई आणि सई," मी म्हटलं.

त्यांनी पूजेतला कलश उचलला. गुरुजी आडवे आले. "वहिनी, होम विझवायचा नसतो! अशुभ असतं." वहिनींनी त्यांना खांद्याने बाजूला सारलं, कलश आगीवर उपडा केला आणि जिन्याकडे धावल्या. मी मागोमाग.

माळ्यावर धूर असा फारसा नव्हताच, नुसता झाकोळ. सई गाढ झोपलेली. आई तिच्याशेजारी डोळे अर्धवट उघडून म्हणत होती, "विमानाचा शीण असेल रे, डोकं जड झालंय." वहिनींनी खिडकी सताड उघडली आणि सईला उचलून गदागदा हलवलं. ती रडेना. जिना उतरेपर्यंत ती रडेना. अंगणात पाऊस तोंडावर पडला आणि तिने भोकाड पसरलं. त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

वरचं तोंड बंद, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू जुन्या धुराड्याच्या भेगांतून माळ्यावर झिरपत होता. दोघींना हॉस्पिटलात ऑक्सिजन दिला, संध्याकाळी घरी सोडलं. सगळे वहिनींचं गुणगान करत होते, आणि त्या कामावर यायच्याच बंद झाल्या. मी फोन केला.

"दुसरा गवंडी बघा, भाऊजी. तोंड मीच झाकलं होतं. होम आहे हे ठाऊक असून दिवाणखान्यातल्या चुलीबद्दल एक शब्द बोलले नाही."

माझं ऐकेनात. शेवटी आई बस पकडून त्यांच्या घरी गेली. काय बोलणं झालं कोण जाणे. येताना दोघी बरोबरच आल्या. आई एवढंच म्हणाली, "पूजा अर्धी राहिली तर राहू दे. धुराडं अर्धं ठेवू नये."

वहिनींनी ते पुरं केलं. भेगांसकट धुराची सगळी वाट दुरुस्त केली, चुना वाळू दिला. एरवी बडबडणाऱ्या बाईने त्या दिवसांत कुणाला एक टोमणा मारला नाही. मला ते फार जड गेलं. पुढे नवऱ्याची नोकरी बदलली आणि ती दोघं कॅनडाला गेली, पण माझ्या डोळ्यांसमोर राहिला आहे तो चूल पहिल्यांदा पेटवायचा दिवस.

काडीपेटी त्यांनी आईच्या हातात दिली आणि स्वतः वर गेल्या. बराच वेळ उतरेनात, म्हणून मी बघायला गेलो. माळ्याची खिडकी बंद होती. चुन्याने माखलेल्या कपड्यांनिशी वहिनी सईच्या पलंगावर, तिच्याच जागी, आडव्या पडल्या होत्या. उशाशी वायूचा अलार्म, डोळे आढ्याकडे.

"वहिनी, उठा आता. झालं ना?"

"तुम्ही खाली जा, भाऊजी," त्या न हलता म्हणाल्या. "काकूंना म्हणावं, अजून लाकडं घाला."