वर गोडं, खाली खारं

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला सालस वगैरे समजायला नको. ठाकुर्लीच्या चाळीत वाढले मी. तिथे तोंड उघडलं नाही तर आपला हंडा कधी मागे सरकला ते कळायचंही नाही. आई म्हणते, ही पोरगी भांडायला कारण शोधत नाही, कारणंच हिचा पत्ता विचारत येतात.

काम माझं पाणी तपासायचं. एका कॉलेजच्या संशोधनात मी सहायक आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या विहिरी आणि बोअर धुंडाळायच्या, जमिनीखालचं पाणी किती खोल आहे, त्यात काय काय मिसळलंय ते लिहून आणायचं. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात शीळफाट्याला गॅरेजच्या मागे बोअरच्या तोंडाशी उकिडवं बसायचं, आणि डोंबिवलीत सोसायटीच्या सेक्रेटरींकडून "मॅडम, रिपोर्ट जरा चांगलाच द्या हां" हे ऐकून घ्यायचं. जणू मी मार्क वाटत फिरतेय! पाणी म्हणजे माझ्या लेखी बाटली, लेबल आणि आकडा. बाळकुमच्या एका विहिरीनं माझी ही गुर्मी उतरवली.

त्या विहिरीपाशी आम्हाला घरच्या थोरल्या मुलानंच नेलेलं. पूर्वी भातशेती आणि मिठागरं असलेलं घर, आता चहूबाजूंनी टॉवर. यांचीही जागा बिल्डरला द्यायची ठरलेली, कागद तयार, आणि नकाशात विहिरीच्या जागी पार्किंग. मुलांनी मध्यंतरी विहिरीला मोटर बसवली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाणी खारट झालं. खाडी मागेच आहे, चालत पाच मिनिटं. तेव्हापासून मुलांनी विहीर मेली असंच धरलेलं. पण जागा त्यांच्या आईच्या नावावर, आणि म्हातारी सही करेना. "मोटर काढा आधी," ती म्हणाली, "बाव मेली का जिती ते बगू. मेली असंल तर मी सोता सही करते. जिती असंल तर बुजवू देनार नाय." बाव म्हणजे तिच्या बोलीत विहीर.

मोटर निघाली. मधे एक पावसाळा गेला, आणि दिवाळीनंतर थोरला मुलगा आमच्या सरांकडे आला. सर म्हणजे या संशोधनाचे प्रमुख. "सर, तुमचा एक कागद द्या, म्हणजे आईची समजूत पटेल," तो म्हणाला. कागदात काय यायचं ते त्यानं मनाशी ठरवूनच टाकलेलं. सरांनी मला दर शनिवारी सकाळी तिथे जायचं काम लावलं.

पहिल्या शनिवारी म्हातारी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. बारीक अंगाची, नऊवारी आखूड नेसलेली, डोळे एकदम टपोरे.

"कुठची गो तू?"

"ठाकुर्लीची."

"आनि मूलची?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखता येतो. लोक गाव विचारतात, पण त्यांना गाव नको असतं. मी मान ताठ करून म्हटलं, "बौद्ध आहोत आम्ही."

"बरा," ती म्हणाली. मग स्वतःच पोहरा सोडला, वर ओढला, आणि माझ्या हातातल्या बाटलीत वरून पाणी ओतलं. मला दोरीला हात लावू दिला नाही. मी ते मनात टिपून ठेवलं.

पाण्यात मीटर बुडवला. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज जाते. मीटर तेवढंच मोजतो आणि आकडा दाखवतो. आकडा आला चक्क गोड्या पाण्याचा. मी मीटर पुसला, पुन्हा बुडवला. तिसऱ्यांदा बुडवला. वाऱ्यावर खाडीचा वास येत होता, आणि माझ्या बाटलीत हे असलं पाणी! आईशप्पथ, माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या शनिवारी गेले तर म्हातारीनं हात आडवा केला. "आज नको पोरी. आज बावीला हात लावाचा नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय. फुडल्या शनवारी ये."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी येऊन पिशवी आपटली. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तुझी पणजी विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणीतरी येऊन वरून ओतेपर्यंत. उन्हात तासन् तास. तू पगार घेऊन विहिरीवर जातेस. एका 'नको'नं एवढी काय कोसळतेस?" मला वाटलेलं आई माझ्या बाजूनं चार शिव्या घालेल. ती देठं खुडत बसली.

तिसऱ्या शनिवारी म्हातारीनं हसून पाणी दिलं, पुन्हा वरूनच. आकडा गोड्या पाण्याचाच. चौथ्या शनिवारी पुन्हा तेच, "आज नको."

माझा बांध फुटला. "आजी, सरळ बोला ना! माझ्या हातानं विहीर बाटते, असंच ना? एक शनिवार चालते आणि एक शनिवार चालत नाही, हा कुठला सोवळ्याचा प्रकार? माझ्या पणजीला लांब उभं केलं तसं मलाही करा, पण तोंडावर सांगा!"

घरातून सुना बाहेर आल्या. म्हातारीनं माझं मनगट धरलं, हात दोरीवर नेऊन ठेवला.

"बग. सुकी हाय ना रशी? मी तरी काढलंय का पानी सकालधरना?"

दोरी खरंच कोरडी ठणठणीत होती.

"केवरी चिरतंस गो! उधान हाय आज. अवस जाऊन दोन दीस झाले. खाडी फुगली का बावीतला खारा वर येतं. त्याला हलवाचा नाय, नायतर सगला एक होतं. आठ दिसांनी भांग लागंल, भरती बारीक होईल, मंग खारा आपसूक खाली बसतं. तवा काढाचा. तुना पटत नाय ना? सोड तुजा यंत्र. घे."

मी यंत्र सोडलं. आकडा गेल्या आठवड्याच्या कितीतरी पट वर. खारं.

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दर शनिवारी मोजायचं हे आम्ही ऑफिसच्या कॅलेंडरवर ठरवलेलं. खाडीला शनिवार कुठे कळतो? ती अमावास्या, पौर्णिमा आणि अष्टमीनं चालते. सात-सात दिवसांनी गेल्यावर एकदा मोठी भरती सापडणार, एकदा बारीक. एवढी शिकलेली मी, समुद्राच्या काठावर पाणी मोजायला गेले आणि एकदाही तिथी बघितली नाही!

"चुकलं माझं, आजी," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून वर्षातून एकदा निघतं.

ती कठड्यावर बसली. "सगला नाय चुकला. माजे सासूच्या वख्ताला तुमच्या मानसांना या बावीची पायरी चरू देत नव्हते. मी बगलंय, मीबी तवा काय बोलले नाय. खोटा कशाला सांगू? पन आजचा 'नको' तो नव्हता." मग दोरी पुढे करून म्हणाली, "रशी तुज्या हातात दिली नाय ती गाठीपायी. ही बग गाठ. ही कठड्याला टेकली का थांबाचा, त्याच्या खाली पोहरा जावाचा नाय. हिवाल्याची ही, उनाल्याची ती पोहऱ्याजवलची. नवा मानूस सोरतच जातं."

ते ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही. पण ती खोटं बोलली नाही, आणि त्यासाठी मी तिला मानलं.

अष्टमीनंतर मी सरांना घेऊनच गेले. आता आम्ही नमुना घेणार नव्हतो. लांब तारेच्या टोकाला मीटर बांधून एकेक फूट खाली सोडत आकडे वाचायचे होते. म्हातारी शेजारी उभी. पहिला फूट गोडं. दुसरा गोडं. तिसरा, चौथा, पाचवा, तोच आकडा, जरासुद्धा हलत नाही. मी कंटाळवाण्या सुरात वाचत होते. नवव्या फुटानंतर तार अजून वीतभर खाली गेली आणि आकडा एकदम उसळला. मीटर बिघडला म्हणून मी वर ओढला. गोडं. वीतभर खाली. खारं. पुन्हा वर, गोडं. पुन्हा खाली, खारं.

एका वितीत! वर पावसाचं पाणी, खाली खाडीचं, आणि मधे ना भिंत, ना पडदा. गोडं हलकं म्हणून वर तरंगतंय, खारं जड म्हणून खाली पसरलंय, बस. पुस्तकात हे मी वाचलेलं, परीक्षेत आकृतीसकट लिहून मार्कही घेतलेले. पण पायाखाली ते असं निमूट चाललेलं असेल, हे कधी मनात उतरलंच नव्हतं. चार महिने पाऊस पडतो, मातीतून झिरपतो आणि उरलेले आठ महिने अख्ख्या खाडीला खाली दाबून धरतो. मोटरनं जोरात ओढलं की वरचा थर विरतो आणि खालचं खारं उसळून वर येतं. विहीर मेलीच नव्हती. तिला धसमुसळेपणा सोसला नव्हता, एवढंच. मोटर बंद झाली, एक पावसाळा मिळाला आणि तिनं आपला थर पुन्हा जमवला.

मग सर म्हणाले, "जरा ती दोरी धरा बरं तारेशेजारी." मी दोरी आणि तार कठड्यावरून एकत्र सोडली. हिवाळ्याची गाठ कठड्याला टेकली, तेव्हा पोहऱ्याचं बूड जिथे थांबत होतं, त्याच्या हातभर खाली आमचा आकडा उसळत होता.

मीटर नाही, तार नाही. नुसती जिभेवर चव घेऊन कुणीतरी ही गाठ मारलेली, आणि वर हातभर अंतर राखून! मी सरांकडे बघितलं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवलेले. "गाठी कुणी मारल्या, आजी?" त्यांनी हळूच विचारलं.

"सासूनं मना दाखवल्या. तिला तिच्या सासूनं." मग आमची तोंडं बघून ती हसायला लागली. "आता रडताव का काय दोघं?"

रिपोर्ट मीच लिहिला. सरांनी एकही शब्द बदलला नाही. वरच्या थरातलं पाणी गोडं आहे; हातानं, बेतानं आणि भांगाच्या दिवसांत काढलं तर टिकेल; मोटर लावू नये; पिण्याआधी उकळावं. थोरल्या मुलानं तो उभ्या उभ्या वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे रोजचे चार-पाच हंडे? मॅडम, एवढ्या फ्लॅटच्या बिल्डिंगला चार हंडे कुठे पुरणार?"

"पुरणार नाहीत," मी म्हटलं. "पण विहीर जिवंत आहे. खोटं लिहून देऊ का?"

म्हातारीनं मला मोठ्यानं वाचायला लावलं, सगळं, पहिल्या ओळीपासून. मग ती म्हणाली, "सही करते. पन नकाशात बाव ठेवाची. उघरी. कठड्यासकट. आधी ता लिवा." मुलांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा तिच्या पायाशी बसला. तो चिडलेला नव्हता, उलट मऊ आवाजात बोलला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"आई, ठेवली समज. तुझ्यानंतर काय? उधाण कधी, भांग कधी, कुठली गाठ कधी, आमच्यातल्या कुणाला येतं? सुनांनी कधी दोरी धरलीय? पाच वर्षांत कोणीतरी परत मोटर टाकेल आणि ती खरंच मरेल. मग कशासाठी?"

हे रिपोर्टमध्ये नव्हतं. म्हातारीनं बिल्डरचे कागद पुढ्यात ओढले, आणि मला वाटलं, आता ती सही करून टाकते आणि विहिरीचंही नाव सोडते.

तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"हिला येतं."

थोरला म्हणाला, "आई, ती बाहेरची..." आणि अर्ध्यातच थांबला.

"शिका मंग हिच्याकरनं," म्हातारी म्हणाली. "आता, माज्यासमोर."

मग थोरली सून उठली. माझ्याहून वयानं बरीच मोठी, हातात हिरव्या बांगड्या. तिनं पदर खोचला, दोरी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली, आणि माझ्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. "दाखवा, मॅडम," ती म्हणाली.

पुढची अष्टमी दोन दिवसांपूर्वी होऊन गेलेली, पुन्हा भांग होता. पोहरा आम्ही दोघींनी मिळून सोडला. गाठ कठड्याला टेकली तशी मी सुनेच्या हातावर माझा हात ठेवून थांबवलं आणि सांगितलं, "इथवर. ह्याच्या खाली नाही." आमच्या घरातल्या कुणीही आजवर कुणाला विहिरीचं पाणी काढायला शिकवलं नव्हतं.