कात्रीआत्याचा खादाड्या

आत्या कुणाच्याही घरी गेली की चहा येण्याआधी त्यांच्या कुंड्यांतली वाळकी पानं कापून मोकळी व्हायची. धागे कापायची छोटी कात्री तिच्या कमरेला काळ्या दोऱ्यानं बांधलेली असे. तुळस असो, मनीप्लँट असो, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यातला पाम असो, विचारायची पद्धत नव्हती. एकदा नात्यातल्या एका लग्नासाठी होणाऱ्या व्याह्यांकडे देण्याघेण्याची बोलणी चालू असताना तिनं त्यांची अख्खी जास्वंद हलकी करून टाकली. व्याही बघतच राहिले. "मेलेलं ठेवू नये," आत्या म्हणाली, "जित्याच्या वाटचं त्याला जातं." भिसेगावात सगळे तिला कात्रीआत्या म्हणत आणि तिला ते आवडे.

ती ब्लाउज शिवायची. आमच्या घराला लागून तिची खोली, पुढं ओटा आणि ओट्यावर मशीन. नवरा लवकर गेला. त्याच मशीनवर तिनं सुनीलला वाढवलं, शिकवलं, रसायनीच्या एका कंपनीत चिकटवलं. माप देताना एखादीनं पोट आत ओढलं की म्हणायची, "श्वास सोड गं. ब्लाउज तुला घालायचाय, मला नाय." पुढं काचबिंदूनं डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं. शेवटी उजेड आणि सावली तेवढी उरली आणि मशीनवर चादर पडली. मला फार वाईट वाटलं, पण तिच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर मलाच फाडून खाल्लं असतं.

सुनील मागं लागला, आई, माझ्या क्वार्टरवर चल. आत्या म्हणे, तिकडं खिडकी उघडली की कंपन्यांच्या वासानं नाक धरायचं, मी नाय येणार. अशात पावसाळ्याच्या तोंडावर तो एक छोटी कुंडी घेऊन आला. कुंडीवर व्हीनस फ्लायट्रॅप असं छापलेलं होतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हे झाड डास खातं. आत्यानं हात फिरवला तर एका पानानं तोंड मिटून तिचं बोट धरलं. ती दचकली आणि मग पोट धरून हसली. "दात नाय मेल्याला, तरी चावतंय!" तिथंच त्याचं नाव खादाड्या पडलं. डासांचं म्हणाल, तर भिसेगावच्या डासांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "ह्याच्यापेक्षा पाल बरी," आत्याचा निकाल.

त्याच दिवशी सुनीलनं पुन्हा विषय काढला. "तुला दिसत नाही आई. एकटी स्वतःचं कसं सांभाळशील?" आत्यानं कुंडी मांडीवर घेतली. "हे झाड मी सांभाळते. जगलं तर मी इथंच. मेलं तर गपचूप तुझ्या मागं येते. बोल." सुनील हसला आणि कबूल झाला. असलं नाजूक झाड आईच्या हातात महिनाभरही टिकणार नाही, असा त्याचा हिशोब असणार. मला आत्यानं बजावलं, "तू फक्त पाणी भर. कात्री माझी."

चौकला जाणाऱ्या रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याकडून मी माहिती काढून आणली. बोअरचं पाणी चालत नाही, पावसाचंच लागतं. खत तर अजिबात नको. मी पागोळ्यांखाली टोप-बादल्या मांडल्या आणि बाटल्या भरून ठेवल्या. खाण्याचं मात्र आत्यानं स्वतःकडे घेतलं. पहिल्याच रविवारी तिनं त्याच्या दोन तोंडांत सुकट घातली. "घरात सगळ्यांना वाढली. हा काय बघत बसंल?" मिठानं दोन्ही तोंडं काळी पडली. "खारट झाली वाटतं," एवढंच म्हणून तिनं ती कापली.

श्रावण लागला तसं तिनं झाडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला. श्रावणात आमच्यात चालत नाय, म्हणे. मी म्हटलं, अगं, ते झाड आहे. "झाड असंल, पण ऱ्हातंय कुणाच्या घरात?" तरी एक मुंगळा जाळीखालून शिरलाच आणि खादाड्यानं तोंड मिटलं. मी चहाडी केली तर आत्या म्हणाली, "लपून खाणारं प्रत्येक घरात एक असतंय."

पण झाड खंगत चाललं होतं. नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, उगाच तोंडाला हात लावत असाल. एकेक तोंड थोड्याच वेळा मिटतं आणि मग काळं पडतं. आत्या सकाळ-संध्याकाळ पानन् पान चाचपायची. तिच्या हातांमुळेच ते मरत होतं. मी घाबरत घाबरत सांगितलं. तिनं कुंडीवरचा हात मागं घेतला. मग म्हणाली, "मग मी बघू कशी गं?"

दुसऱ्या दिवशी बघते तर ती ओट्यावर बसलेली, बोटं कुंडीच्या कडेनं आत घातलेली. मातीपासून देठाच्या पाठीवरून वर यायची आणि तोंड सुरू होण्याआधी थांबायची. जिता देठ गार आणि ताठ, मेलेला कागदासारखा. कागद लागला की बुडाशी कच्. "शिवण उलट्या बाजूनंच कळते," ती म्हणाली. दिवाळीपर्यंत खादाड्या असा तरारला की शेजारणी बघायला येऊ लागल्या.

थंडीत मात्र तो काळा ठिक्कर पडला. संक्रांतीला सुनील आला, कुंडी बघितली आणि मऊ आवाजात म्हणाला, "आई, सामानाला टेंपो सांगू का?" आत्यानं त्याचं बोट धरलं आणि मातीत खुपसलं. "लागला? झाडाचा कांदा टणक हाय का नाय? झोपलंय ते. झोपलेल्याला कोण मसणात नेतं रं?" सुनीलनं तिळगूळ खाल्ला आणि परत गेला. आत्या आठवडाभर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

चैत्रात मधोमध फुलाचा दांडा आला. तो कापायला हवा, नाहीतर झाडाचा सगळा जोर त्यात जातो, असं नर्सरीवाल्यानं सांगून ठेवलं होतं. आत्या कात्री घेऊन बसली आणि नेमकी शेजारची वहिनी आली. बाही काखेत ओढतेय, काय करू आत्या? किती दिवसांनी तिला कुणी शिवणातलं विचारत होतं! ती खुलली, बोलत सुटली आणि बोलता बोलताच कात्री चालली. दांड्याबरोबर मधला सगळा हिरवा झुपका तिच्या हातात आला. तिनं तो खालून चाचपला. गार आणि ताठ होता. वहिनीच्या काहीच लक्षात आलं नाही. बाहीचं सांगून संपेपर्यंत आत्यानं मूठ उघडली नाही.

मग मला म्हणाली, "सुनीलला फोन लाव. टेंपो सांग म्हणावं."

मी चिडले. कांदा आहे आत, फुटेल परत. आणि सुनीलला कळतंय कशाला? "मला कळलं ना? बास," आत्या म्हणाली. "कापड बिघडलं की शिंप्यानं भरून द्यायचं. गिऱ्हाइकाशी भांडायचं नाय." पैजेपेक्षा तिला बोटांनी दिलेला दगा लागला होता, हे मला दिसत होतं. टेंपोत मशीन चढलं, ट्रंक चढली. कुंडी तिनं माझ्याकडे दिली आणि कमरेची कात्री सोडून माझ्या हातात ठेवली. मी रडत होते. "वाळकं तेवढं काप," ती म्हणाली, "आणि रडं आवर, टेंपोवाला खोळंबलाय."

पावसाळ्यात मातीतून दोन कोंब आले. मी लगेच रसायनीला फोन केला. "आत्या, फुटलं!"

"खोटं नको बोलू."

"देवाशपथ! तोंडं मिटलेली आहेत अजून."

मग तिचा जुना आवाज आला. "तोंडं उघडली की सांग. मग बघते ह्या सुनील्याला. परत यायला टेंपो भिसेगावचाच बोलवीन."

मी रोज उठल्या उठल्या कुंडी बघायची. पण साधा ताप तिच्या छातीत उतरला आणि ती तिकडेच गेली. तेरावं झालं त्या आठवड्यात खादाड्यानं पहिलं तोंड उघडलं. ते बघून मला जे रडू फुटलं, तसं ती गेल्याचं कळलं तेव्हाही फुटलं नव्हतं.

सुनील खोली आवरायला आला. ओट्यावर कुंडी दिसली तसा तो तिच्यापुढं उकिडवा बसला. तोंडाला हात लावला नाही. मातीपासून देठाच्या पाठीवरून बोट वर आणलं आणि थांबवलं. ह्याला तिनं कधी शिकवलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "घेऊन जा रे. तुझ्या आईचं आहे."

"नको," तो म्हणाला. "जगलं तर इथंच, असं ठरलं होतं आमचं."