आप्पांच्या उशाशी बसवलेली बटणं

रविवारी दुपारी आमच्या नारपोलीच्या घरात मी दोन तास भिंतीकडे तोंड करून उभी होते. हातात एसीचा रिमोट, कपाळावर घाम... आणि मागे पलंगावर बसून सगळं बघणारे आप्पा, माझे सासरे.

आप्पा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात जॉबर होते. बिघडलेल्या लूमचा फॉल्ट नुसत्या आवाजावरून ओळखून तो चालू करणारा माणूस. आता हात थरथरतात. रिमोटच्या बारीक बटणांवर बोट ठरत नाही, एक दाबायला जावं तर दुसरंच दाबलं जातं.

मागच्या आठवड्यात मी ड्युटीवरून घरी आले, तर त्यांच्या खोलीतला एसी बंद, रिमोट पलंगाखाली आणि आप्पांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. माझा नवरा बाहेरच्याच खोलीत होता, तरी त्यांनी हाक मारली नव्हती. "दिवसभर किती हाका मारायच्या गं..." एवढंच म्हणाले. फार लागलं मला ते.

म्हणून भिंतीवर बसवायचा कंट्रोलर मागवला. हाताएवढी मोठी बटणं. पडत नाही, हरवत नाही. इलेक्ट्रिशियनने तो पलंगाशेजारी लावला, टीव्ही जोडून दिला आणि एसीपाशी हात टेकले. "मॅडम, आपका मॉडेल पुराना है, लिस्ट में नहीं है. नया एसी ले लो."

पण सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की, यादीत नसलेला रिमोट या कंट्रोलरला शिकवता येतो. सेटिंगचं बटण दाबून धरायचं, लाल दिवा लुकलुकला की समोर रिमोट धरून हवं ते बटण दाबायचं. शिकला की हिरवा दिवा लागतो. वाचायला एकदम सोपं...

पंधरा-वीस वेळा केलं. जवळून, लांबून, नवीन सेल घालून. दर वेळी लालच. नवरा म्हणाला, "राहू दे ना आता." मीही रिमोट खाली ठेवणारच होते.

तेवढ्यात आप्पा बोलले. "पोरी, पडदा लाव आधी. त्या डब्यावर ऊन पडलंय."

मी वळून बघितलं, तर ते पुढे म्हणाले, "दुपारी टीव्हीवर ऊन आलं ना, की आपला रिमोट चालत न्हाय. रोज बघतो मी. हा डबा पण तसाच असंल."

पडदा ओढला. पुन्हा सेटिंग, पुन्हा लाल दिवा, रिमोट समोर धरला, 'चालू'चं बटण दाबलं... आणि हिरवा! मी अक्षरशः ओरडले. मग 'बंद'चं बटण शिकवलं, तेही पहिल्याच झटक्यात.

"आता तुम्ही करा," म्हटलं. आप्पांनी बोट नाही, अख्खा तळहातच बटणावर ठेवला. हात थरथरत होता, पण एसी टुक करून चालू झाला. गार हवा येईपर्यंत ते तळहात तिथेच ठेवून बसले.

संध्याकाळी शेजारचे काका आले, तर आप्पांनी त्यांना तीन वेळा एसी चालू-बंद करून दाखवला. "सुनेनं शिकवलाय याला," म्हणाले. "मी फक्त फॉल्ट काढला."

नोकरीत शाबासकी बऱ्याचदा मिळाली आहे मला. पण अख्खं आयुष्य मशिनींत घालवलेल्या माणसाने आपल्या कामाला पास करावं, ही गोष्टच वेगळी... सोमवारी धामणकर नाक्यावर रिक्षाच्या रांगेत उभी होते, तेव्हाही एकटीच हसत होते.