नव्या सर्व्हरवर बायकोचं बिऱ्हाड

बायको जाऊन वरीस झालं, तरी ती बोलायची थांबली न्हाई. ही करणी आमच्या लेकीची. माय जिवंत असतानाच तिनं मायचं बोलणं फोनात भरून घेतलं आणि मायच्या नावाची वेबसाईट काढली. कारळाची चटणी कशी कुटायची, धपाटं किती पातळ थापायचं, सगळं बायकोच्या तोंडून. चटणी सांगता सांगता मधेच माझा उद्धार असायचा. "तिखट बेतानं टाका. आमच्या ह्यांच्यासारखं नरडं असंल तर मग टाका भसाभसा." लोक चटणीसाठी ऐकायचे, मी शिव्यांसाठी. ज्या फोनात हे भरलं होतं तो पुढं हौदात पडून मेला. म्हंजी तिचा आवाज आता जगात एकाच जागी उरला, त्या वेबसाईटवर.

पालमच्या स्टँडसमोर आमचं चहाचं हॉटेल होतं. ती गेल्यावर मी भट्टी विझवली. आता तिथं लेक टेबल टाकून दुकानदारांच्या वेबसाईटी बनवती. आजवर त्या सगळ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, चाळीतल्या भाडेकरूसारख्या दाटीवाटीनं राहायच्या. औंदा तिनं अख्खा सर्व्हर स्वतःसाठी घेतला. तो असतो मुंबईकडं कुठंतरी. दिसत न्हाई, वास येत न्हाई. मी आपला नारळ घेऊन गेलो.

"बाबा, फोडायचा कुठं?"

"टेबलावर."

"लॅपटॉपवर पाणी उडंल, मग रडत बसा."

शेवटी पायरीवर फोडला आणि खोबरं मीच खाल्लं. देवाला तरी तो सर्व्हर कुठं दिसायलाय.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण इंग्रजी अक्षरं आणि आकडे येतेत, ट्रकांच्या पाट्या वाचून शिकलो. म्हणून सर्व्हरवाल्यांनी धाडलेल्या कागदावरले आकडे मी वाचायचे आणि लेकीनं टाइप करायचे, असं ठरलं. वाचता वाचता इचारलं, "हे डीएनएस डीएनएस काय लावलंस?"

"आईचंच काम हाय ते," ती म्हणली. "यष्टीतून उतरलेला माणूस अमक्याचं घर कुठं म्हणून इचारायचा, आई सांगायची, पिंपळापासून उजवीकडं, निळं दार. तसंच हे. कुणी वेबसाईटचं नाव घेतलं की तिचं घर कुठल्या सर्व्हरवर हाय ते सांगतंय."

हे मात्र एका दमात कळलं. "आन कागदावर असे सांगणारे दोन कशाला?"

"दोन ठेवावेच लागतेत. एक मेला तर दुसऱ्यानं सांगावं."

हॉटेलात आमी दोघं होतोच की. पण मला कुणी पत्ता इचारला तर मी म्हणायचो, थांबा, तिला इचारतो. लोक अजून इचारतेत, आणि मी बेधडक भलतीकडं धाडतो. परवा लग्नाला आलेला एक पाव्हणा मी तेराव्याच्या जेवणाला बसवून दिला. जेवला बिचारा. अक्षता खिशातच राहिल्या.

मग लेक एकेका गिऱ्हाइकाचं खातं काढायला लागली. पिंगळीचा मंडपवाला, पोखर्णीत देवळाजवळ पेढे विकणारा, इथला बियाण्यांचा दुकानदार. आधी नव्या सर्व्हरवर खातं, म्हंजी खोली. मग जुन्या सर्व्हरवरून त्यात फायलींचं सामान आणायचं. आणि शेवटी सांगणाऱ्यांना नवा पत्ता द्यायचा. जुन्या जागेची मुदत ज्या दिवशी सायंकाळी पाचला संपणार, त्याच दिवशी सकाळी तिनं सगळ्यांचे पत्ते बदलले, "झालं एकदाचं" म्हणली आणि परभणीला कामाला गेली.

दुपारी जेवून मी नेहमीप्रमाणं चटणी ऐकायला फोन उघडला. पान पांढरं फटक. मंडपवाल्याचं उघडलं, मंडपासकट दिसला. पेढेही दिसले. बायकोचंच कोरं. लेकीला फोन लावला. ती परतीच्या बसमधे होती.

"बाबा," म्हणली, "आईचं राहिलं."

"काय राहिलं?"

"खातं काढलं, पत्ता बदलला, सामान आणायचंच राहिलं. म्हणलं आधी गिऱ्हाइकांचं उरकू. आईचं काय, घरचंच हाय, शेवटी करू."

आता हे लेकीला कुणी शिकवलं? कुणी न्हाई. आमच्या घरात आधी पाव्हणे, मग आमी, मग लेकरं, आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर भगुणं पुसून खाणार ती बाई. तिनं कम्प्युटरवरबी तीच पंगत मांडली, आणि मायच्या वाट्याला रिकामं भगुणं आलं.

"पाचला जुनं बंद झालं की ते सगळं पुसून टाकतेत," लेक म्हणली. "बस आत्ता पिंगळी सोडायलीय. मी पोचत न्हाई. बाबा, लॅपटॉप उघडा."

"मी?"

"मग काय कंडक्टरला सांगू?"

उघडला. ती सांगायली, मी बोट ठेवायलोय.

"वर डावीकडं जुन्या कंपनीचं पान हाय?"

"हाय."

"त्यात आईच्या नावाचं पिवळं पाकीट हाय, ते उघडा. दोनदा दाबा. हळू, ढेकूण मारल्यासारखं नका मारू!"

"उघडलं. लय फायली हायत."

"वरच्या चौकटीत टिक करा, सगळ्यावर टिक हुतंय. आता खाली बाण असलेलं बटन. लाल दाबू नका, बाबा! लाल म्हंजी पुसून टाकणं."

माझा हात हवेतच राहिला, कारण मी लालच दाबायलो होतो. बाणावर दाबलं. फोन कटला. एक हिरवी पट्टी पडद्यावर मुंगीगत सरकायला लागली. मी तिच्याकडं बघत बसलो. दारात एक माणूस येऊन म्हणला, "मामा, पाटलांचं घर कुठं?" म्हणलं, "हितं कुणी ऱ्हात न्हाई, जा." पट्टी मधे थांबली की मी लॅपटॉपला आईबहिणीवरून बोलायचो, मग सरकायची. देवाचं नाव घेतलं न्हाई. दवाखान्यात लय घेतलं होतं.

पट्टी भरली. पाच वाजून गेल्यावर जुनं पान उघडून बघितलं तर तिथं कुलूप.

दिवे लागायच्या वक्ताला लेक उतरली आणि चप्पल न काढता लॅपटॉपला बसली. उतरवलेलं सगळं नव्या खात्यात चढवलं. मग यादीत मायचं खातं उचलून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं.

"लावा," म्हणली.

धपाट्याचं लावलं. पीठ मळल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज. मग ती, एकदम खणखणीत: "पाणी एकदम ओतू नका, चमच्यानं... ओ, गिऱ्हाईक आलंय! चहा टाका. मला काय बघत बसलाव?"

भट्टी विझून वरीस झालेलं. तरी मी उठलो.