नीलमाचे तीन दिवस

नीलम विकत घेण्याआधी तो घरी आणून बघायचा असतो. निळ्या कापडात गुंडाळून तीन दिवस दंडाला बांधायचा, आणि त्या तीन दिवसांत काही वाईट घडलं, अगदी दूध नासलं तरी, मुकाट्याने दुकानदाराला परत करायचा. लाभला तर माणसाचं सोनं करतो, नाही लाभला तर होत्याचं नव्हतं करतो म्हणे. मोती, पोवळं, पाचू यांचे असले नखरे नसतात. शनीचा खडा, म्हणून याचाच एवढा थाट. हे सगळं सासूबाई नाशिकहून फोनवर सांगत होत्या आणि मी कणीक मळत हो हो करत होते. माझा विश्वास नव्हता. पण खोटं कशाला बोलू, भीती होती.

नवऱ्याची बेळ्ळंदूरची नोकरी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. एका सकाळी ऑफिसातल्या चाळीस जणांना एकाच मीटिंगमध्ये बसवून नारळ दिला, त्यात हा. तरी रोज आधीसारखाच वेळेवर उठायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालून के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसायचा. तो जितका गप्प, तितकी मी घरभर भिरभिरत असायची. एकच फळी तीनदा पुसायची, दुपारी चारला उगाच खाली भाजीवालीकडे जायचं, तिथून मोडक्या कन्नडमध्ये "स्वल्प कोथिंबीर कोडी", थोडी द्या, म्हणत मूठभर कोथिंबीर घेऊन परत यायचं आणि जिन्यातच आठवायचं, कोथिंबीर तर सकाळीच आणलीय. माझं मलाच कळेना मी कशाच्या मागे धावतेय.

सासूबाईंचा निरोप मी त्याला सांगितला तो निव्वळ चेष्टा म्हणून. लग्नात गुरुजींनी मुहूर्ताला घाई केली तर "विमान सुटतंय का?" असं विचारणारा हा माणूस. मला वाटलं, हसेल, निदान हसेल तरी! तर हा म्हणाला, "घेऊया की."

आतून पार मोडल्याशिवाय हा असं बोलणार नाही, हे मी ओळखून होते.

शनिवारी इथल्याच शिवाजीनगरला गेलो. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या चाचांचं खड्यांचं दुकान आहे, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढंच. चाचांनी पांढऱ्या कागदावर पाच नीलम मांडले. ट्यूबलाइटखाली पाचही असे झळकत होते की मी लगेच एकावर बोट ठेवलं. "थांबा अम्मा," म्हणत त्यांनी कागद तसाच उचलला आणि आम्हाला दाराबाहेर उन्हात नेलं. तिथे माझ्या नीलमाचा कोळसा झाला. दुसरा इतका फिका पडला की धुऊन धुऊन विटलेला परकर. तिसऱ्यात पट्टे दिसायला लागले. चाचा म्हणाले, दिव्याखाली खडा कधी घ्यायचा नाही, उन्हात घ्यायचा, आणि आत एखादी बारीक रेघ असली तर घाबरायचं नाही, अगदी काचेसारखा निर्मळ दिसला तरच घाबरायचं, तो नकली. मग माझ्या त्या काळ्या खड्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "ये तो दुश्मन को देने का, अम्मा."

मी हसले. मोठ्याने, रस्त्यात, पदर तोंडाला लावून. नवरा माझ्याकडे बघत राहिला.

शेवटी गोकर्णीच्या फुलाच्या रंगाचा एक छोटा खडा निवडला. तपासणीचा कागद होता, आत ती एक रेघही होती. चाचांनी तो निळ्या कापडात बांधून दिला आणि म्हणाले, "तीन दिन. कुछ भी उल्टा हुआ तो ला के देना. छुपाना नक्को."

संध्याकाळी मी तो त्याच्या डाव्या दंडाला बांधला.

रविवारी सकाळी कुकरची वाफ माझ्या मनगटावर आली. चांगलीच भाजले, टरारून फोड आला. आता हे वाईट की नुसतंच माझं वेंधळेपण? मी विचार केला आणि लांब बाह्यांचा कुर्ता घातला. दुपारी मिक्सर जळाला, तर धुराच्या वासावर उदबत्ती लावली. अहो, हसू नका! आठ महिन्यांनी त्या घरात कुणीतरी कशाची तरी वाट बघत होतं. तो खडा परत करायला मी काही तयार नव्हते. एवढ्या-तेवढ्या फोडासाठी तर नाहीच.

त्याच दुपारी बघितलं, तो डावा दंड चोळत होता. "गाठ घट्ट झाली का रे?" म्हटलं. "हो, जरा," म्हणाला. मी गाठ सैल केली. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. कुठल्या हाताला बांधलास म्हणून विचारलं आणि डावा म्हटल्यावर ओरडल्याच, "अगं बाई, डावा बायकांचा! पुरुषाला उजवा!" मग मी घाईघाईने पुरचुंडी सोडून उजव्या दंडाला बांधली, वर देवाची माफी मागितली.

सोमवारी तो जिन्यातून वर आला आणि दारातच थांबला. आमचा तिसरा मजला, लिफ्ट बंद. कपाळावर घाम होता आणि उजव्या हाताने तो डावा दंड दाबत होता. खडा उजव्या हाताला होता. डाव्या हाताला काहीच नव्हतं, साधा दोरासुद्धा नव्हता. हे मी बघितलं. नीट बघितलं. आणि मनाशी म्हटलं, कालच्या गाठीचा वळ असेल.

"दमलास?"

"नाही गं. ऊन आहे."

मी त्याला ताक दिलं आणि कॅलेंडरकडे बघितलं. एकच संध्याकाळ उरली होती.

मंगळवारी सकाळी आम्ही अंगठी करायला टाकायची म्हणून निघालो. मी इतकी खुशीत होते की मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या त्याच्या पुढे भरभर चढत होते आणि चांदीत करायची की पंचधातूत, याची बडबड करत होते. उत्तर येईना म्हणून वळून बघितलं तर तो खाली सातव्या-आठव्या पायरीवर बसला होता. रंग राखेसारखा. एका रिक्षावाल्या अण्णाने आणि दोन पोरींनी त्याला रिक्षात घातला. तो अण्णा सिग्नल तोडत होता आणि मी नुसती नवऱ्याचा हात घासत होते, जणू थंडी वाजतेय त्याला.

हॉस्पिटलमध्ये नर्सने कात्रीने शर्ट कापला, मग दंडावरचं निळं कापड कापलं. नीलम टणकन फरशीवर पडला. तिने तो उचलून त्याच्या घड्याळाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि माझ्या हातात दिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी त्याच्यावर वाकून विचारलं, "दुखायला कधी सुरू झालं?"

मी म्हटलं, "आत्ताच, पायऱ्या चढताना."

तो म्हणाला, "रविवारपासून."



दोन स्टेंट घातले. अजून एक दिवस काढला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा मी ठरवून गेले होते की शांत राहायचं, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तुला लाज नाही वाटली? मी काय मेले होते का? बोलता येत नव्हतं? बाजूच्या कॉटवरचे आजोबा घाबरून बघायला लागले.

त्याने मला स्टुलावर बसायची खूण केली. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू खडा परत केला असतास."

"तुझा विश्वास होता त्याच्यावर?"

"छे! पण तू त्या दुकानाबाहेर हसलीस ना. किती महिन्यांनी हसलीस. म्हटलं, तीन दिवस काढू कसेतरी."

मी डोळे पुसायला हात वर केला तशी बाही मागे सरकली. फोड फुटून कातडी लाल झाली होती. तो म्हणाला, "हे कधीचं?"

"रविवारचं," मी म्हटलं. वेळ संपली म्हणून नर्सने मला बाहेर काढलं.

पंधरा दिवसांनी खडा परत करायला मी एकटी शिवाजीनगरला गेले. सासूबाईंचं म्हणणं, खड्यानेच वाचवला, आता परत करू नकोस. चाचांनी पुडी उघडली आणि विचारलं, "क्या हुआ?" मला ते सांगता येईना. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, सोमवारी घराच्या दारात मी काय बघितलं होतं तेसुद्धा. "कुछ नहीं हुआ, चाचा. चांदी में बना दो," म्हटलं आणि बोटाचं माप दिलं. बाहेर पडल्यावर लाजेने माझे कान तापले होते.

आता तो एका कॉलेजात शिकवतो. पगार कमी आहे, पोरांना मात्र आवडतो. अंगठी घालतो, आणि तिची निगा मी राखते. शनिवारी कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकून लहान मुलांच्या मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू घासायची, कारण साबणाचा थर तिथेच बसतो आणि नीलम आंधळा दिसतो. मग सुती फडक्याने टिपायची. डब्यात ठेवायची वेळ आली तर वेगळ्या कापडात, नाहीतर माझ्या मोत्यांवर ओरखडे येतात. चाचांनी हे सगळं नीट समजावलं होतं आणि मी ते नेमाने करते. खरं सांगायचं तर त्या निमित्ताने त्याचा हात पाच मिनिटं माझ्या हातात येतो. मी बोटं दाबून बघते, गार आहेत का, नखं निळसर तर नाहीत ना.

"दुखतंय का रे कुठे?" मी विचारते.

"नाही गं," तो म्हणतो, हसून, माझ्या डोळ्यांत बघून. रविवारी विचारलं असतं तरी असंच म्हणाला असता. बावीस वर्षांच्या संसारात त्याच्या शब्दाची मी कधी खातरजमा केली नाही. आता तो कॉलेजला निघाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते आणि तो कोपऱ्यापर्यंत कसा चालतो ते बघते.